प्लॉट पाडण्याआधी साप-सरड्यांचा सर्व्हे : या चुका टाळा

अक्कलकोट रोड घ्या, होटगी रोड घ्या, तुळजापूर रोड घ्या, सोलापूरच्या कुठल्याही बाजूला गेलात तरी प्लॉटिंगच्या पाट्या दिसतात. मोजणी, एनए (बिगरशेती परवानगी), लेआउट मंजुरी हा क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो. जमिनीवर सरपटणारं काय राहतं ते बघायचं शेवटी आठवतं, तोवर जेसीबी फिरून गेलेला असतो. सगळ्यांत मोठी चूक हीच. वेड्या बाभळी उपटल्या, बांधावरच्या दगडी ताली उचलून भरावात टाकल्या, वारुळं सपाट केली, आणि मग फोन येतो : "साइट क्लिअर आहे, आता पाहणी करून घ्या." अशा जागेवर फार तर दोन सरडे दिसतात आणि अहवालात 'उल्लेखनीय सरीसृप आढळले नाहीत' असं छापून येतं. पाहणी करायची तर पहिलं झुडूप हलायच्या आधी.

"आम्हाला कुठे लागतो असला अहवाल?" हेही नेहमीचं. साध्या एनए लेआउटला तो कुणी मागत नाही, हे खरं. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि अर्जात तिथल्या वनस्पती-प्राण्यांची माहिती द्यावी लागते. सोलर प्रकल्पांना तर तीही मंजुरी लागत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन असं धरून एकरच्या एकर पॅनेलखाली जातात. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चौरस मीटर मोजत बसत नाही. घोरपड आधीपासून अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहेच, २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामणही तिथे गेले. मजुरानं फावड्यानं धामण ठेचली तर "लेआउट मंजूर होता" हे उत्तर चालत नाही. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत जमीन असेल तर गट नंबर माळढोक अभयारण्यात किंवा त्याच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो का, ते आधी वन विभागाकडून तपासून घ्या. १९७९ मध्ये ८ हजार ४९६ चौरस किलोमीटर असलेलं हे अभयारण्य पुढे १ हजार २२२ वर आलं. त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबू नका.

आता पद्धतीकडे. इंटरनेटवर या विषयाचं मार्गदर्शन शोधलं की बहुतेक ब्रिटनचं सापडतं. तिथे हेक्टरी पाच-दहा पत्रे किंवा डांबरी फेल्टचे तुकडे ठेवतात आणि एप्रिल, मे किंवा सप्टेंबरात, हवा ९ ते १८ अंश असताना, साधारण सात वेळा उचलून बघतात. थंड देशातला साप ऊब मिळवायला त्या पत्र्याखाली येतो. ते वेळापत्रक जसंच्या तसं उचलून आपल्याकडे मे महिन्यात माळावर पत्रे टाकणारे लोक आहेत. पारा चाळिशीच्या वर आणि पत्र्याला हात लावला तर चटका. त्याखाली कोण येणार? सात फेऱ्या होतात, सात रकान्यांत शून्य भरलं जातं, आणि ते शून्य पुढे 'जागेवर साप नाहीत' म्हणून वापरलं जातं. असा सर्व्हे न केलेलाच बरा.

इथला हिशेब वेगळा आहे. थंडीत सकाळी ऊन चढू लागलं की घोरपड बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकते; तेव्हा लांबूनच दुर्बिणीनं बघा, जवळ गेलात की ती आत. एप्रिल-मेमध्ये गळ्याला पंखा असणारे सरडे दगडावर चढून तो पंखा उघडझाप करतात, वर्षभर मातीत मिसळलेला प्राणी याच दिवसांत डोळ्यांत भरतो. पण मेमध्ये सकाळी नऊ-दहानंतर फिरण्यात अर्थ नाही. फुरसं, मण्यार, घोणस बघायचे तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन. पहिले एक-दोन पाऊस झाल्यानंतरच्या रात्री तर चुकवूच नयेत. थोडक्यात, एकाच आठवड्यात उरकलेला सर्व्हे कितीही तास चालला तरी अर्धवटच राहतो.

दगड उलटताना हात घालू नका, आकडीची काठी वापरा. दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खालून जे निघेल ते समोर जातं आणि मध्ये दगडाची आड राहते. फुरसं पळत नाही. जागेवरच वेटोळी एकमेकांवर घासत करवतीसारखी करकर करत राहतं. बघा, फोटो घ्या, दगड होता तसाच परत ठेवा. उलटे सोडलेले दगड म्हणजे मोडलेली घरं, आणि पुढच्या फेरीला तिथे काही सापडत नाही. पकडून मोजमाप घ्यायचं तर वन विभागाची परवानगी हवी. पायात गमबूट, सोबत दुसरा माणूस, आणि दंश झालाच तर वेळ न घालवता सिव्हिल हॉस्पिटल. मांत्रिकाकडे नाही, हे मजुरांनाही आधीच सांगून ठेवा.

नोंदीत नुसतं 'साप - १' लिहिणं ही आणखी एक खोड. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत तर सर्रास गल्लत होते. मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीजोडीनं असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासून सुरू होऊन मागे विरळ होत जातात. दुर्क्या घोणस बिनविषारी, पण घोणस समजून मारला जातो; त्याची मान वेगळी दिसत नाही आणि शेपूट आखूड असतं. साप दिसला नाही तरी कात, घोरपडीची विष्ठा, रस्त्यावर चिरडलेला सरडा, सगळं जागेसकट नोंदवा. मेंढपाळांशी बोला, पण "साप आहेत का?" असं विचारू नका, उत्तर "लई हायेत" एवढंच येतं. घोरपड कुठल्या वारुळात शिरते, रात्री वाटेवर काय आडवं जातं, हे विचारा. जमीनमालकाचं "आमच्यात काही नाही" मात्र फारसं मनावर घेऊ नये. त्याला परवानगीची धास्ती असते.

सापडलं तर पुढे काय? इथे लोक सर्पमित्राला बोलावून 'प्लॉट रिकामा करून द्या' म्हणतात. घरात शिरलेला साप काढणं हे त्यांचं काम. अख्खा माळ रिकामा करणं कुणालाच शक्य नाही. शिवाय लांब नेऊन सोडलेला साप अनोळखी जागेत भटकत राहतो आणि बऱ्याचदा मरतो. त्यापेक्षा लेआउटमधली मोकळी जागा नाल्याच्या किंवा जुन्या तालीच्या बाजूला ठेवा, तिथले दगड आणि वारुळं हलवू नका. बाकी झाडी एका कडेनं, हातानं, थोडी थोडी तोडत त्या बाजूकडे सरका आणि मध्ये काही दिवस सोडा, म्हणजे प्राणी आपणहून तिकडे जातात. यंत्र त्यानंतर. भर थंडीत किंवा भर उन्हाळ्यात हे करू नका, कारण तेव्हा ते बिळात खोल बसलेले असतात. घोरपड पावसाळ्यात अंडी घालते, कधी कधी वारुळातच, आणि पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात. दिवाळीनंतर वारूळ ओसाड वाटलं तरी त्यात अंडी असू शकतात, म्हणून बिळाचं तोंड दिसलं की त्या वारुळाभोवती चुन्याची रेघ मारून ठेवा आणि जेसीबीवाल्याला ती स्वतः जाऊन दाखवा.