लकवा मारलाय असं वाटलं तर आधी घड्याळ बघा
घरात कुणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं बोबडं यायला लागलं तर लगेच अॅम्ब्युलन्स बोलवा आणि एक वेळ लिहून ठेवा, माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती. डॉक्टर हेच आधी विचारणार, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास तिथूनच मोजतात. रात्री अकराला बरा झोपला, सकाळी सहाला उठला तर हात लुळा, मग वेळ अकराची धरायची (तरी पळायचंच, स्कॅन बघून अशातल्या काहींनाही उपचार मिळतात).

ओळखायला सोपं आहे. हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक साधं वाक्य बोलायला लावा, यातलं एक जरी बिघडलं तरी पुरे. एकदम तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, हे पण धरा. बऱ्याचदा काहीच दुखत नाही, म्हणून लोक जरा पडून बघू म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. हार्ट अटॅकचं ऐकून अॅस्पिरिन देतात लोक, ते इथे नको, कारण बहुतेक स्ट्रोक (म्हणजे हाच लकवा) गुठळीचे असले तरी काही मेंदूतल्या रक्तस्रावाचे असतात आणि कोणता आहे ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरीच गोळी देऊन पाडू पण नका. शुगरचं मशीन असेल तर शुगर मात्र बघा, ती फार खाली गेली तरी हुबेहूब असंच दिसतं.

आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही, जिथे चोवीस तास सीटी आणि स्ट्रोकचे उपचार आहेत तिथेच न्या. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात, हे सहा तासांत, निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतही होतं.

दहा मिनिटांत सगळं आपोआप नीट झालं तरी त्याच दिवशी दाखवा. तो मिनी स्ट्रोक असू शकतो आणि त्यानंतरचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे.

टाळायचं असेल तर माझ्या मते निम्मं काम बीपीचं. सिगरेट, शुगर, कोलेस्टेरॉल आहेच, पण बीपी वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतं, त्रास काही होत नाही म्हणून कुणी मोजतच नाही. नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी काढून घ्या, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, त्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.