बुडालेल्या बोटीवरून पणजोबाचा माग कसा काढायचा

आपल्याकडं कुठं आलाय समुद्र, पण जुन्या ट्रंकेत एखादं पत्र निघतंय, महायुद्धात बोट बुडाली, तिच्यावरचा आपला माणूस गेला एवढंच, आणि घरचे म्हणतात आता काय सापडणार. सापडतंय. परभणीच्या एका दोस्तासाठी मी चार रात्री बसलो होतो, त्यातून कळालं ते सांगायलो.

निजामाच्या काळातलं पत्र उर्दूत नाहीतर मोडीत असंल, तर आधी जाणत्या माणसाकडून नीट वाचून घ्या. दोनच गोष्टी पाहिजेत, बोटीचं नाव आणि तारीख. माणसाच्या नावापासून सुरू करू नका, एका 'शेख'ची इंग्रजीत पाच स्पेलिंगं आणि आडनाव कधी लिहिलंय कधी नाही, तिथंच दोन दिवस जातात.

बोटीचं नाव मोठ्यानं म्हणून बघा. ब्रिटिश इंडिया नावाची आगबोटींची कंपनी बोटींना इकडचीच नावं द्यायची, 'गैरसोप्पा' म्हणजे आपलं गिरसप्पा, धबधब्याचं. 1919 ची मालवाहू बोट, कलकत्त्याहून चांदी, बिडाचं लोखंड आणि चहा घेऊन निघालेली, आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनपासून बाकी बोटींच्या ताफ्यात होती पण कोळसा पुरंना म्हणून ताफा सोडून आयर्लंडकडं वळली आणि फेब्रुवारी 1941 मध्ये जर्मन यू-101 पाणबुडीनं रात्री टॉर्पेडो मारला. एक लाइफबोट तेरा दिवसांनी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलला पोचली, ती पण किनाऱ्यापाशी उलटली, जगला एकच, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स. ऐंशीच्या वर माणसं गेली, बहुतेक आपले खलाशी.

नाव सर्च केलं की आधी सगळं चांदीवरच येतंय, 2011 ला 4,700 मीटर खोल सापडली, शंभर टनांच्या वर चांदी काढली वगैरे. ते सोडा, आपल्याला माणसं पाहिजेत. यूबोट डॉट नेट या साइटवर, तिथं जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींची माहिती असते, बोट शोधा, बुडाल्याची पक्की तारीख घ्या. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची साइट उघडा, फुकट आहे, नावाचा रकाना रिकामा सोडून नुसती तारीख टाका आणि मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी बोटींवरचे खलाशी, ते निवडा. यादी आली की एकेक नाव उघडून बघा, घाई करू नका, पुष्कळदा बापाचं, बायकोचं, गावाचं नाव तिथं लिहिलेलं असतंय, आपला माणूस त्यावरूनच ओळखू येतो.

नंतर मुंबईला जाच. देवगिरीनं सीएसएमटीला उतरलं की मस्जिद पुढचंच स्टेशन, तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांतल्या खलाशांचं स्मारक आहे, दुसऱ्या युद्धाची नावं वहीत आहेत. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. आणि वहीत नाव दिसलं की तिथूनच घरच्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावून ते नाव वाचून दाखवा.