मॅन्टिस श्रिम्प पाळताय? मग या चुका टाळा

टँकमधला माझा मॅन्टिस श्रिम्प दोन दिवस दिसलाच नाही. बिळाच्या तोंडाशी खडे आणि प्रवाळाचे तुकडे रचून त्याने आतून दार लावून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी दिलेला कोळंबीचा तुकडा तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी माझा धीर सुटला आणि लांब चिमट्याने मी दोन खडे बाजूला सारले. आत माझा मोरपंखी (पीकॉक) जातीचा मॅन्टिस नुकतीच कात टाकून मेणासारखा मऊ पडला होता. घाबरून त्याने मागे सरायची धडपड केली आणि त्यात त्याचा ठोशाचा एक पाय वाकला तो वाकलाच. पुढची कात टाकेपर्यंत बिचाऱ्याने एका हातावर दिवस काढले.

त्याला दडून राहायचं असतं आणि आपल्याला तो दिसायला हवा असतो. निम्म्याअधिक चुका या ओढाताणीतून होतात.

कोणता आहे, हे न विचारता घरी आणणं

मॅन्टिस श्रिम्प हा समुद्रातला कवचधारी शिकारी. नावात श्रिम्प असलं तरी हा कोळंबीचा सख्खा भाऊ नव्हे, आणि प्रार्थनाकीटकाशी तर त्याचं नातं फक्त पुढच्या पायांच्या घडीपुरतं. पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार: ठोसे मारणारे आणि भाल्यासारख्या काटेरी पायांनी भक्ष्य भोसकणारे. ठोसेबाज खडकाच्या कपारीत राहतात, शंख-खेकडे फोडून खातात. भालेबाज वाळूत खोल बीळ करून दबा धरतात आणि जवळून जाणारा मासा ओढून नेतात. टँक, वाळू, खाणं, सगळं यावरून ठरतं. झेब्रा मॅन्टिस हा भालेबाज चाळीस सेंटिमीटरच्या घरात जातो. पिल्लू गोजिरवाणं दिसलं म्हणून त्याला छोट्या टँकमध्ये टाकलं, तर वर्षभरात आपणच अडचणीत. पहिल्यांदाच पाळत असाल तर पाच-सात सेंटिमीटरची एखादी ठोसेबाज जात बघा, तिला तीस-चाळीस लिटर पाणी पुरतं. मोरपंखीसाठी मात्र शंभर-सव्वाशे लिटरच्या खाली उतरू नका.

काचेची भीती, हीटरचा विसर

२००४ मध्ये जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोरपंखी मॅन्टिसचा ठोसा मोजला, तेव्हा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. ठोशाबरोबर पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो मिटताना भक्ष्याला दुसरा दणका बसतो. १९९८ साली इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या मॅन्टिसने काच फोडल्याची बातमी गाजली होती. तेव्हापासून जो तो आधी काचेचंच विचारतो. प्रत्यक्षात चांगल्या जाडीची काच सहसा टिकते. मोठा ठोसेबाज असेल तर अॅक्रिलिकचा टँक घ्या, किंवा निदान तळाशी वाळूखाली अॅक्रिलिकची शीट अंथरा, कारण बीळ खणताना तो तळावरच हात चालवतो.

खरा बळी जातो तो काचेच्या हीटरचा. हीटर सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) ठेवा, सम्प नसेल तर टायटॅनियमचा घ्या. थर्मामीटरही बाहेरून चिकटवायचा.

आणि आपला हात? टँकमध्ये जे करायचं ते लांब चिमट्याने. याला ‘अंगठा फाडणारा’ हे टोपणनाव उगीच पडलेलं नाही.

बीळ न देणं, वर झगझगीत दिवे

बीळ नसलेला मॅन्टिस सतत बिथरलेला असतो. पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि दोन एल्बो जोडून इंग्रजी यू अक्षरासारखी नळी करा. लांबी त्याच्या अंगाच्या दुपटी-तिपटीने, आणि रुंदी आत वळता येईल इतकीच. फार रुंद नळी त्याला घर वाटत नाही. दोन्ही तोंडं उघडी ठेवून नळी वाळूत पुरा आणि आजूबाजूला वेगवेगळ्या मापाचे खडे, प्रवाळाचे तुकडे, रिकामे शंख टाकून ठेवा. त्यातून तो आपलं दार रचतो. हवा तसा खडा सापडेपर्यंत पाच-पाच उचलून टाकतो, हे बघण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

दिव्यांचं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी बारा तऱ्हेच्या असतात, म्हणून त्याला लखलखाट आवडेल असं नाही. मोरपंखीच्या कवचावर काळपट, खड्डे पडलेले डाग दिसू लागले, तर तो कवच कुजण्याचा आजार समजा. प्रखर उजेड आणि अपुरं बीळ असलं की हा जास्त दिसतो, असा जुन्याजाणत्या पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. दिवे मंद करा, बीळ लांब करा, पाणी बदला. डाग थोडे असतील तर पुढच्या कातेबरोबर निघून जातात.

सोबती आणि ताट

सोबती नकोत. दोन मॅन्टिस एकत्र तर मुळीच नकोत. ‘माझ्याकडे सहा महिने मासा टिकला’ म्हणणारे भेटतील, सातव्या महिन्यात विचारा.

ठोसेबाजाला नुसते मऊ तुकडे घालत राहणं चूक. शंखातली गोगलगाय, शंखखेकडा, शिंपला असं काही फोडायला द्या. त्याच्या हाताला काम राहतं आणि झिजही नैसर्गिक होते. दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे, उरलेलं त्याच दिवशी काढा. न काढलेल्या मांसानेच लहान टँकचं पाणी नासतं.

पाणी आणि तांबं

टँक आधी चार-सहा आठवडे मुरू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर हवेत, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की भर गोड्या आरओ पाण्याचीच घालायची, मिठाच्या पाण्याची नाही. नाहीतर खारेपणा हळूहळू चढत जातो आणि महिनाभर कळत नाही.

माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं, आणि मॅन्टिससारख्या कवचधारींना ते विषच. अशी औषधं पूर्वी वापरलेला जुना टँक किंवा खडक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. खडकात मुरलेलं तांबं पुढे कितीतरी दिवस पाण्यात झिरपत राहतं.

कात की मरण?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लहान वयात दर महिना-दोन महिन्यांनी, मोठेपणी तीन-चार महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा तो कात टाकतो. आधी खाणं सुटतं, रंग मंदावतो, ठोसे थांबतात, मग दार बंद. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, चिटपाखरू फिरकत नाही. या काळात टँकमध्ये खाणं घालू नका, खडक हलवू नका, टॉर्च मारून डोकावू नका. नव्या कवचाचे हात घट्ट व्हायला वेळ लागतो, तोवर साधा खेकडासुद्धा त्याला फाडू शकतो. टँकमध्ये खाण्यासाठी सोडलेला जिवंत खेकडा असेल तर दार लागायच्या आधीच बाहेर काढा.

मग एक दिवस वाळूवर मॅन्टिस उताणा दिसतो आणि काळजात धस्स होतं. थांबा. चिमट्याने उचलून बघा. कागदासारखा हलका, पाठीवर फाटलेला आणि डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या असतील तर ती रिकामी कात आहे. मेलेला जड लागतो, गुलाबी-दुधाळ पडतो आणि वास लपत नाही. तुटलेला पायही घाबरायचं कारण नाही. एक-दोन कातांमध्ये तो पुन्हा फुटतो, आधी लहान आणि मग पूर्ण.

न बोलावलेला पाहुणा

कधी मॅन्टिस आपण आणतच नाही, तो लाइव्ह रॉकमधून, म्हणजे समुद्री जीवांसकट विकत मिळणाऱ्या खडकातून येतो. रात्री टँकमधून टक-टक आवाज येतो, गोगलगायींचे फुटलेले शंख सापडतात, लहान मासे कमी होतात. नुसत्या आवाजावरून ठरवू नका, पिस्तुल कोळंबीही तसाच आवाज करते. फुटलेले शंख मात्र जास्त भरवशाची खूण. अशा वेळी खडकांत औषध ओतण्याची घाई नको, सगळा टँक मरेल. आवाज कुठून येतो ते दोन-तीन रात्री ऐका, तो एकच खडक उचला आणि रिकाम्या बादलीवर जाळीत तिरका ठेवा. पाणी निथळलं की तो पाणी शोधत खाली उतरतो. नाहीच उतरला तर बिळाच्या तोंडात थोडं सोडावॉटर सोडा आणि बाहेर येताच खाऱ्या पाण्यात घ्या. त्या भांड्याला झाकण ठेवा. उडी मारण्यातही तो कमी नाही.