सराफ्याचं भांडण वर्गात आणताय? रोल-प्लेमधल्या या चुका टाळा

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की इंदुरात जिथे तिथे रोल-प्लेचा तास लागतो. भांडण कसं सोडवावं हे मुलांना खेळातून कळावं, हा हेतू. चुका मात्र दर वर्षी त्याच.

उदाहरण सराफ्याचंच, म्हणजे इथल्या सराफा बाजाराचं घेऊ. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, रात्री त्यांच्याच ओट्यांसमोर चाटची दुकानं, आणि जागेवरून, गॅस सिलिंडरवरून धुसफूस. मुलांनी दोन्ही बाजू पाहिलेल्या असतात. विषय फर्मास आहे, घाण होते ती रोल-कार्डांमुळे, म्हणजे प्रत्येक मुलाला त्याची भूमिका लिहून दिलेल्या कार्डांमुळे.

कार्डावर मत लिहून देणं

"तू सराफ. तुला चाटवाले नकोत." "तू चाटवाला. तू हटणार नाहीस." अशी कार्डं वाटली की पाच मिनिटांत आरडाओरडा, सहाव्या मिनिटाला मतदान. एका शिबिरात हेच झालं. चोवीस मुलांपैकी तिघांनी सराफांना मत दिलं. बाकीच्यांना भुट्ट्याचा कीस आवडतो. ताईंनी फळ्यावर 'सहमती' लिहिलं आणि तास संपला. सराफाचं म्हणणं काय होतं, हे त्या तिघांनाही सांगता आलं नसतं.

मत हातात दिलं की मुलाला ते मोठ्याने म्हणण्यापलीकडे काम उरत नाही. कार्डावर चार गोष्टी द्या: तू कोण, तुला काय हवंय, कशाची धास्ती आहे, आणि फक्त तुलाच ठाऊक असलेली एक गोष्ट. पन्नास-साठ शब्द पुरेत. असं:

"तू सराफ, वय ५८. रात्री आठला शटर पाडतोस. आत माल, बाहेर पेटती शेगडी, त्यामुळे आगीची धास्ती. पेढीसमोरची जागा मोकळी हवी. पण ओट्याचं भाडं दरमहा मिळतं, त्यातून मुलीची फी जाते. भागीदार भावाला हे माहीत नाही."

"तू चाटवाला. वडिलांपासून हीच जागा. हटवलं तर गिऱ्हाईक तुटेल. सिलिंडर मागे न्यायला, दुकान थोडं सरकवायला तयार आहेस, पण पहिली माघार तू घेणार नाहीस."

आता दोघांपाशी देण्याघेण्यासारखं काहीतरी आहे. खेळ चालतो तो शेवटच्या ओळीवर, आणि नेटवरून उतरवलेल्या कार्डांत सहसा तीच नसते. दहा मिनिटं वाचवायला कार्डं उतरवणाऱ्यांनी त्यापेक्षा गोष्ट सांगावी. तिसरी-चौथी भूमिकाही हवी: वरच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना रात्री दोनपर्यंत झोप नाही, आणि निगमचा, म्हणजे महापालिकेचा, अधिकारी. दोनच बाजू ठेवल्या तर ती वक्तृत्व स्पर्धा होते.

चर्चेचा वेळ खाणं

नव्वद मिनिटं असतील तर १५ तयारीला, ३५ खेळाला, ४० चर्चेला. हे ऐकून नवे सर दचकतात. "खेळ रंगलाय, चालू दे ना भिया!" मग घंटा होते, मुलं डब्यावर धावतात आणि निगमचा अधिकारी झालेला पोरगा आठवडाभर 'हप्ता, हप्ता' ऐकत फिरतो. भूमिका उतरवलीच नाही तर ती चिकटते. नॉर्डिक देशांतले लार्प (पात्र होऊन प्रत्यक्ष वावरण्याचा खेळ) खेळणारे या झिरपण्याला 'ब्लीड' म्हणतात आणि त्यासाठी वेळ राखून ठेवतात.

चर्चेचा क्रम मोडू नका. आधी भूमिकेच्या नावाचा बिल्ला काढून टेबलावर, जागा बदल, स्वतःचं नाव मोठ्याने. मग प्रत्येकाचं एक वाक्य, भूमिकेच्या नावाने: "सराफाला तेव्हा राग आला." मग काय घडलं ते निरीक्षकांनी, म्हणजे न खेळता टिपून घेणाऱ्या मुलांनी, वहीतून वाचायचं. मग असं आणखी कुठे दिसतं: कॉलनीतलं पार्किंग, बोरिंगचं पाणी. कोण बरोबर, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. तो आधी विचारलात तर मुलं बिल्ला काढूनही सराफच राहतात.

सूत्रधाराने भूमिका घेणं

अजिबात नको. १९७१च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी केलं होतं, आणि प्रयोग चालवणारे मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो स्वतः तुरुंगाधीक्षक होऊन बसले होते. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली. पण थांबवायचं ज्याच्या हाती, तोच खेळात शिरला की काय होतं, एवढं पाहायला तो पुरेसा आहे.

किरकोळ, पण रोजच्या

वेशभूषा नको, पगडी घातली की मुलं नक्कल करतात. गुण आणि बक्षीस नको. चोवीसही जण एकदम खेळवू नका: आठ खेळतील, सोळा लिहितील, आणि प्रत्येक निरीक्षकाला एकच काम, उदाहरणार्थ 'पहिला प्रश्न कुणी विचारला?' ज्याच्या बाबांची हातगाडी आहे त्याला चाटवाला करू नका.

पहिल्याच रविवारी फाळणी खेळायला घेणाऱ्यांना तर हात जोडावेत. अमेरिकेत बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स यांनी सुरू केलेल्या 'रिॲक्टिंग टू द पास्ट'मध्ये एकेक ऐतिहासिक खेळ आठवडेच्या आठवडे चालतो आणि मुलं मूळ लेखन वाचून बोलतात. तुमच्यापाशी दीड तास आहे.

खेळ अडला तर

सगळे गप्प बसले, तर घाबरून स्वतः बोलायला लागू नका. दोन मिनिटं जाऊ द्या. मग एक चिठ्ठी आत सोडा: "एका दुकानासमोर गॅसचा वास येतोय." खेळ उलट तापला, कुणाचं खरं आडनाव किंवा खरी जात तोंडात आली, तर टाळी वाजवून तिथेच थांबवा, बिल्ले उतरवा, थेट चर्चेला बसा. चिठ्ठी एका खेळात एकच. दुसरी टाकलीत की मुलं आपापसात बोलायचं सोडून तिसरीची वाट बघतात.