सिक्लिड टँकमध्ये वाळू टाकायची की तळ मोकळा ठेवायचा, आधी काय काय बघायचं

पहिलं काम म्हणजे मासा कुठला ठेवणार ते पक्कं करा, दिसायला काय छान दिसतं ते नंतर. सिक्लिड म्हणजे मुख्यतः गोड्या पाण्यातल्या माशांचं मोठं कुळ, त्यातल्या सगळ्यांना एकच नियम लागत नाही ना. जिओफॅगस (वाळू चाळून खाणारा दक्षिण अमेरिकी सिक्लिड) ठेवणार असाल तर वाळू हवीच, त्यात चर्चाच नको. तो दिवसभर तेच करतो, तोंड खुपसून वाळूचा घास घेणार, जरा चघळणार, खायचं ते ठेवणार आणि उरलेली वाळू कल्ल्यांच्या फटीतून भुरभुर खाली सोडणार. म्हणून त्याच्यासाठी बारीक, गोलसर कणांची वाळू बघा, 1 मिमीच्या आतली, खडी नको आणि धारदार कोरलचा (प्रवाळाचा) चुरा तर अजिबात नको, तोंड आणि कल्ले सोलवटतात. आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातले शंखात राहणारे मासे ठेवणार असाल तरी तेच. त्यातला मल्टिफॅसिएटस जेमतेम 4-5 सेमीचा, पण शंखाखालची आणि भोवतीची वाळू सतत उपसत असतो, त्याला मोकळ्या काचेवर शंख देणं म्हणजे अर्धं घर देणं. वाळूचे खड्डे करून मादीला बोलावणारे मलावी तलावातले (तोही आफ्रिकेतलाच) नर असतील तर त्यांनाही वाळू द्या, नाहीतर ते सगळं बघायलाच मिळणार नाही.

आता उलटी बाजू. डिस्कसची पिल्लं वाढवताय, दिवसातून अनेकदा खायला घालताय, रोज पाणी बदलताय, तर तळ मोकळाच ठेवा, उरलेलं खाणं लगेच दिसतं आणि सायफनने (पाण्यासोबत घाण ओढून घेणारी नळी) दोन मिनिटात जातं. आजारी माशाचा वेगळा टँक पण मोकळाच. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नचं दोन्ही चालतं, घाण इतकी करतात की मोकळा तळ सोयीचा पडतो, पण वाळू दिली तर खणत बसतात आणि मला तरी तो मासा जास्त खुश वाटतो. त्यांना तोंडात मावेल अशी मध्यम खडी मात्र देऊ नका, गिळून अडकायची भीती असते. म्बुना म्हणजे मलावी तलावातले दगडांत राहणारे मासे, तरी खणायची हौस असतेच, मी पातळ थर देईन.

मोकळा तळ ठरला तर खालच्या काचेत प्रतिबिंब पडतं आणि काही मासे त्यालाच बघून बिथरतात, म्हणून टँक रिकामा असतानाच काचेला बाहेरून गडद रंग द्या. झाडं हवी असतील तर कुंडीत लावा नाहीतर अनुबियास (मातीशिवाय वाढणारं पाणझाड) लाकडाला बांधा. फिल्टर जरा दमदार घ्या, कारण वाळूवर जे घाण पचवणारे बॅक्टेरिया बसले असते त्यांचं कामही आता फिल्टरमधल्या मीडियालाच (स्पंज, सिरॅमिकचे तुकडे वगैरे) करायचंय.

वाळू ठरली तर आधी व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे पाणी कडक (जास्त क्षारांचं) होणार. मलावी-टांगानिकाला ते चालतं, मऊ पाण्यातल्या दक्षिण अमेरिकी माशांना नको. आणि फक्त पीएच वाढवायला म्हणून कोरल सँड तळाला पसरायची गरज नाही, तोच चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला तरी काम होतं आणि नको झाला की काढता येतो. रंग पांढराशुभ्र नको, बऱ्याच माशांचे रंग त्यावर फिके पडतात.

किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी सेंटीमीटरमध्ये, भागिले 1000, झाले लिटर, आणि लिटरला साधारण दीड किलो धरा. 120 बाय 45 चा टँक आणि 4 सेमी थर म्हणजे 32 किलोच्या आसपास. बरं, हे वजन स्टँडला झेपतंय का तेही बघून घ्या. यापेक्षा जाड थर कशाला, खाली घाण कुजत बसते.

दगड आधी, वाळू नंतर, हे विसरू नका!! वाळूवर दगड रचले तर मासे खालून खणतात आणि सगळा डोलारा काचेवर नाहीतर माशावर कोसळतो. काचेवर प्लास्टिकची जाळी टाका, त्यावर दगड घट्ट बसवा, मग भोवतीने वाळू. वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कंटाळा येतो पण इलाज नाही. टाकताना फिल्टर बंद. नंतरही इनटेक (फिल्टरची पाणी ओढणारी नळी) तळापासून वर ठेवा आणि त्याला स्पंज लावा, कारण खणणारे मासे वाळू उडवत राहतात आणि ती इंपेलरमध्ये (फिल्टरच्या मोटरच्या पंख्यात) गेली की घरघर सुरू.

चालू टँकमधून वाळू काढायची असेल तर एकदम उपसू नका, एका वेळी पाव भाग काढा, त्या आठवड्यात फिल्टर धुवायचा नाही, आणि पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी) दोन्ही शून्य दिसले की मगच पुढचा पाव भाग काढायला घ्या.