तेल्याचा जंतू मारायचा तर मृगाच्या आधी

डाळिंबावरचा तेल्या हा बुरशीचा रोग नाही, झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूचा आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या डाळिंब उत्पादकांना हे नव्याने सांगायला नको, तरीही दर पावसाळ्यात पानावर तेलकट ठिपका दिसला की दुकानातून महागडं बुरशीनाशक येतं आणि ठिपके वाढतच राहतात. जिवाणू एकदा पानात, पेरात किंवा फळात शिरला की बाहेरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो उघड्यावर असतो तेव्हाच त्याला मारता येतं. कात्रीच्या पात्यावर, झाडाखालच्या पाचोळ्यात, मागच्या हंगामातल्या वाळक्या फळात तो आत्ता, मे महिन्यात, पडून आहे. 7-8 जूनला मृग लागेल. पावसाचे थेंब उडायला लागले की तो झाडावर चढेल. म्हणून हे दोन-तीन आठवडे फार मोलाचे आहेत.

सुरुवात झाडापासून करा. काळं पडलेलं पेर, चिरलेली फांदी दिसेल तिथे डागाच्या दोन इंच खालून, निरोगी भागात काप घ्या. छाटलेलं बांधावर टाकू नका. बागेपासून लांब नेऊन जाळा किंवा खोल पुरा. लटकलेली जुनी फळं एकही ठेवू नका. मोठ्या कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी.

कात्रीकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते तेल्या एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो बहुतेकदा तिच्यामुळेच. छाटणीची टोळी आज एका बागेत, उद्या दुसऱ्या. मजुरामागे दोन कात्र्या द्या, एक हातात आणि एक औषधात. त्यासाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण, वापरा. बाजारातलं द्रावण पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी. लेबल वाचूनच प्रमाण ठरवा. बुडवण्याआधी पात्याला लागलेला चीक फडक्याने पुसून घ्या, कारण चीक आणि मातीच क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी काही उरत नाही. बादलीतलं पाणी गढूळ झालं की फेकून नवं करा. संध्याकाळी कात्र्या साध्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज चढेल. टोळी बाहेरगावची असेल तर बागेत पाऊल ठेवण्याआधीच त्यांची हत्यारं बुडवून घ्या. यात कुणी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

पाचोळा झाडून काढल्यावर झाडाखाली एकरी आठ ते दहा किलो ब्लीचिंग पावडर धुरळा. गोणी ताजी आणि बंद असलेली घ्या. उघड्या गोणीतला क्लोरीन उडून जातो, मग पडतो तो नुसता चुना. एक धोका नीट लक्षात ठेवा: ठिबकच्या नळ्या धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका. विषारी वायू निघतो, बंद खोलीत माणूस दगावू शकतो. युरिया आणि इतर खतांपासूनही ही गोणी वेगळी ठेवा. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर ब्लीचिंगनंतर किमान दहा-पंधरा दिवस थांबा, नाहीतर तुमच्याच हाताने टाकलेली मित्रबुरशी मरेल.

नवी लागवड करणाऱ्यांसाठी सोलापूरचं ऊनच औषध आहे. रोपवाटिकेची माती ओली करून त्यावर 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे हलवू नका. काळा कागद चालत नाही, कारण तो स्वतः तापतो, ऊन खाली जाऊ देत नाही. माती ओलीच हवी. कोरड्या मातीतले बुरशीचे बीजाणू निपचित असतात आणि उष्णता सोसतात, ओलाव्यात ते जागे होतात आणि मरतात. झाड वाळवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीवर हा उपाय चांगला पडतो. यंदा उशीर झाला असेल तर पुढच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीलाच कागद टाका. गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, मात्र तेल्या नसलेल्या बागेतूनच घ्या. रोगट गुटीला कुठलंच ऊन वाचवत नाही.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे, लोखंडी नसलेल्या भांड्यात विरघळवा, मग एकत्र करून गाळा. लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहा. पातं तांबूस झालं तर चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर कोवळी पालवी करपते. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरं औषध मिसळू नका. तांबं पानावर थर धरून बसतं आणि तिथे येणाऱ्या जंतूला मारतं, म्हणून फवारणी पावसाच्या आधी हवी.

स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं दर आठवड्याला मारू नका, ही कळकळीची विनंती. वारंवार वापरातून जे जंतू तगतात त्यांना ते औषध पुन्हा लागू पडत नाही, आणि हेच औषध माणसांच्या क्षयरोगावरही वापरलं जातं.

पहिल्या पावसानंतर रोज सकाळी एक फेरी मारा. संशयित पान उजेडासमोर धरा, ठिपका पाण्याने भिजल्यासारखा आरपार दिसला तर ते पान तिथेच पिशवीत टाका. दव किंवा पाऊस अंगावर असताना बागेत छाटणी, विरळणी करू नका. शंका राहिली तर सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात नमुना दाखवा. नेताना पिशवी घट्ट बांधा.