आधुनिक कला आणि अपंगत्व शिकवताय? या चुका टाळा

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो म्हटलं की पहिली स्लाइड पोलिओची, दुसरी 1925 च्या बस अपघाताची. चित्र येईपर्यंत वर्ग हळहळून मोकळा झालेला असतो. क्रम उलटा करा. 'द ब्रोकन कॉलम' (1944) दाखवा आणि पाच मिनिटं फक्त काय दिसतं ते वदवून घ्या: मणक्याच्या जागी तडकलेला खांब, पांढरे पट्टे, अंगभर खिळे, भेगाळलेली जमीन, थेट आपल्यावर रोखलेली नजर. अपघात नंतर सांगा. मूळ चित्र जेमतेम 40 × 31 सेंमीचं आहे, हे पडद्यावर कळत नाही. त्या मापाचा पुठ्ठा कापून वर्गात फिरवा.

'आजारामुळे शैली बदलली'

ही सगळ्यात चिवट चूक. फ्रेंच चित्रकार मातिसनं 1941 च्या शस्त्रक्रियेनंतर कात्री धरली, असं उत्तरपत्रिकेत हमखास येतं. पण अमेरिकेतल्या बार्न्स संग्रहासाठीच्या भित्तिचित्राची मांडणी ठरवताना, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच, तो रंगीत कागद कापून सरकवून पाहत होता. आजारपणात ही जुनी युक्ती मुख्य माध्यम झाली, एवढंच.

शेजारी बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी ठेवा. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातलं संतांचं भित्तिचित्र (1946–47) केलं तेव्हाही त्यांची नजर अधूच होती, आणि तीही लहानपणापासून. पूर्ण अंधत्व पुढच्या दशकात आलं. त्यानंतर कागदाचं कातरकाम झालं, 1972 मध्ये टाइल्सचं भित्तिचित्र झालं. फळ्यावर 'अंधत्वापूर्वी' आणि 'नंतर' असे रकाने पाडलेत, तर अधू नजरेचं काम गुपचूप डोळसांच्या रकान्यात जाऊन बसतं. रकाने माध्यमांचे पाडा: ओला गिलावा (हिंदी भवनातलं भित्तिचित्र), कागद, टाइल.

डोळ्यांवर पट्टी

वीस मिनिटं पट्टी बांधून चित्र काढायला लावू नका. नवख्याला त्यात भीती आणि चाचपडणंच कळतं. वर्षानुवर्षं कमावलेली बोटांची जाण नाही. त्याऐवजी उघड्या डोळ्यांनी, पेन्सिल न लावता, एक बसलेली आकृती थेट कात्रीनं कापायला द्या. कात्री स्थिर, कागद फिरता. चुकलेलं पुसता येत नाही, तुकडा जोडावा लागतो. इथून माध्यमाची चर्चा आपोआप सुरू होते.

अंधारा वर्ग

प्रोजेक्टरसाठी सगळे दिवे घालवले, की कर्णबधिर विद्यार्थ्याला ना ओठ दिसतात ना खुणा. तुमच्या चेहऱ्यावरचा दिवा चालू ठेवा, पडद्याकडे तोंड करून बोलू नका. नवी स्लाइड आली की दहा-पंधरा सेकंद गप्प राहा. चित्र आणि खुणांच्या भाषेचा दुभाषा एकाच वेळी पाहता येत नाहीत. दृष्टिहीनांसाठी वर्णनाचा क्रम ठरलेला हवा: माप, माध्यम, मधे काय, कडेला काय, मग रंग. 'हे इथे बघा' हे वर्णन नव्हे.

जर्मन चित्रकार ओट्टो डिक्सच्या 1920 च्या चित्राचं नाव 'युद्धातले लुळेपांगळे' असंच ठेवा. 'युद्धदिव्यांग' केलंत तर त्यातला डंख जातो. समोरच्या विद्यार्थ्याला मात्र कोणता शब्द चालतो, ते त्यालाच विचारा.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात सहल नेणार असाल, तर पायऱ्यांची आणि चाकाच्या खुर्चीची चौकशी निघायच्या आदल्या दिवशी नाही, तारीख ठरवण्याआधी करा. तिथल्या, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरच्या आई-मुलाच्या शिल्पाला हात लावू देतील, असं गृहीत धरू नका. ओंजळीत मावेल एवढी शाडूची प्रतिकृती आधीच करून, नीट वाळवून सोबत न्या.